सी तुब्येरा, म्हणजे 'असतं तर'

"मे दिखेरोन के त्राखे दोस फोतोस."

हे स्पॅनिश वाक्य मी स्पेनमधल्या बिल्बाओ शहरात एका सरकारी ऑफिसच्या काउंटरवर बोलले तेव्हा इथे येऊन चारच महिने झाले होते. कार्डाचं काम होतं, नंबर लागायला दीड तास गेला आणि त्या दीड तासात मी वाक्य मनात घोकून घोकून पक्कं केलं होतं. मला म्हणायचं होतं की दोन फोटो आणायला सांगितले होते, ते आणलेत, घ्या. पण त्राखे म्हणजे 'मी आणलं', झालं गेलं, भूतकाळ. म्हणजे माझ्या वाक्याचा अर्थ झाला, "त्यांनी मला सांगितलं की मी दोन फोटो आणले". काउंटरवरच्या बाईंनी माझ्याकडे बघितलं, हातातल्या फोटोंकडे बघितलं, आणि शांतपणे विचारलं, कोणी सांगितलं तुम्हाला की तुम्ही आणले म्हणून? मी परत तेच वाक्य बोलले, जरा हळू. मग त्यांच्या चेहऱ्यावर एकदम उजेड पडला आणि त्या म्हणाल्या, "आ, के त्राखेरास!" फोटो घेतले, शिक्का मारला, काम झालं. पण ते 'रास' माझ्या डोक्यात बसून घरापर्यंत आलं.

मेट्रोत बसल्या बसल्या विचार करत होते की हेच मी आटपाडीच्या तहसीलमध्ये कसं बोलले असते. "दोन फोटो आणावेत असं सांगितलं होतं." आणावेत! 'आणले' नाही, 'आणते' नाही, 'आणावेत'. म्हणजे जी गोष्ट घडलेली नाही, पण घडावी असं कोणाला तरी वाटत होतं, तिच्यासाठी आपल्याकडे क्रियापदाचं वेगळं रूप आहेच की. शाळेत व्याकरणाच्या तासाला स्वार्थ, आज्ञार्थ, विध्यर्थ, संकेतार्थ असं चार वेळा घोकून घेतलं होतं, मार्कांसाठी पाठ केलं आणि सोडून दिलं. ते वीस वर्षांनी एका परक्या गावातल्या मेट्रोत उपयोगाला आलं.

आता पुढे स्पॅनिश शब्द बरेच येणारेत आणि ते मी देवनागरीतच लिहिणारे, कारण खरं सांगायचं तर स्पॅनिश देवनागरीत फार छान बसते. त आणि द अगदी आपल्यासारखे स्वच्छ दंत्य, आ ए इ ओ उ हे पाच स्वर आपल्यासारखेच सरळ. ह मुका असतो म्हणून मी लिहितच नाही, ब आणि व इथे एकच, आणि जिथे ख लिहिलाय तिथे ख़ुदा मधला घशातला ख समजा. एवढं पुरे.

तर हे जे रूप आहे त्याला म्हणतात इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह. क्लासमध्ये बी-वनच्या, म्हणजे मधल्या पातळीच्या, शेवटी येतं आणि बरीच मुलं तिथेच क्लास सोडतात, कारण पुस्तकात एका पानावर भला मोठा टेबल असतो, अनियमित क्रियापदांची वेगळी यादी असते आणि माणूस ते बघूनच घाबरतो. आमच्या संध्याकाळच्या क्लासच्या बाई सेबियाच्या, म्हणजे पार दक्षिणेकडच्या. त्यांनी पहिल्या दिवशी टेबल उघडूच दिला नाही. फळ्यावर एकच शब्द लिहिला, तुब्येरोन. म्हणजे 'त्यांच्याकडे होतं'. मग डस्टरने शेवटचं 'रोन' पुसलं आणि तिथे 'रा' लिहिलं. तुब्येरा. झालं, म्हणाल्या, शिकलात.

आणि खरंच तेवढंच आहे. साध्या भूतकाळातलं 'ते'चं रूप घ्यायचं, रोन काढायचं, रा लावायचं. तेनेर म्हणजे जवळ असणं, त्याची सहा रूपं अशी: यो तुब्येरा, तू तुब्येरास, एल तुब्येरा, नोसोत्रोस तुब्येरामोस, बोसोत्रोस तुब्येरायस, एयोस तुब्येरान. मी, तू, तो, आम्ही, तुम्ही, ते. 'मी' आणि 'तो' दोन्हीकडे एकच रूप म्हणजे पाठ करायला खरी पाचच. 'आम्ही'च्या रूपातही जोर 'ब्ये'वरच राहतो, पण लिहिताना तिथे डोक्यावर तिरकी रेघ द्यावीच लागते, तेवढी एक गोष्ट हाताला लावून घ्यायची. बास.

या नियमाला अपवाद नाही. एकसुद्धा नाही. स्पॅनिशमध्ये असं वाक्य फार कमी ठिकाणी लिहिता येतं. जे काही वाकडं आहे ते साध्या भूतकाळातच आहे, तिथे 'ते'चं रूप पक्कं असलं की इथे काहीच नवीन नाही. बेनिर म्हणजे येणं, ते आले बिन्येरोन, म्हणून बिन्येरा. दोर्मिर म्हणजे झोपणं, दुर्म्येरोन, दुर्म्येरा. लेएर म्हणजे वाचणं, लेयेरोन, लेयेरा. असणं आणि जाणं ही दोन क्रियापदं भूतकाळात एकच होऊन बसलीयत, दोघांचंही फ्वेरोन, त्यामुळे फ्वेराचा अर्थ 'असतं' का 'गेला असता' ते आजूबाजूच्या शब्दांवरून कळतं. सांगणं आणि आणणं यांचं जरा जपून, दिखेरोन आणि त्राखेरोन, तिथे ख नंतर 'ये' येत नाही, दिख्येरोन म्हटलं की चुकलं, मी महिनाभर तेच म्हणत होते. आणि चालणं या अर्थाचं आंदार, त्याचं आंदुब्येरोन होतं आणि म्हणून आंदुब्येरा, पण इथली जन्मापासून स्पॅनिश बोलणारी माणसंसुद्धा गडबडीत आंदारा म्हणून जातात, ते ऐकलं की मला फार धीर येतो.

मी ही रूपं पाठ केली ती मायोनाच्या पायऱ्यांवर. जुन्या गावातून वर बेगोन्याच्या चर्चकडे जाणाऱ्या दगडी पायऱ्या आहेत, आम्ही वरच्या अंगाला सांतुचूत राहतो, लिफ्टही आहे पण मी मुद्दाम पायऱ्यांनी जायचे. एका पायरीला एक रूप, सहा पायऱ्यांना एक क्रियापद, मग पुढच्या सहांना दुसरं. तोंडाने मोठ्याने म्हणायचं, मनात नाही. कारण यात खरी गोम आहे ती जोराची. आब्लारा म्हणताना जोर 'ब्ला'वर दिला तर 'तो बोलला असता', 'बोलावं', ते सगळं. आणि तोच जोर शेवटच्या 'रा'वर गेला की झाला भविष्यकाळ, 'तो बोलेल'. अक्षरं तीच, फक्त आवाजाचं वजन कुठे पडतं त्यावर माणूस बोलणार आहे का नुसतं बोलावं असं वाटतंय ते ठरतं. आपल्याला मराठीत शब्दातला जोर असा मोजायची सवय नाही, त्यामुळे डोळ्यांनी वाचून हे येतच नाही, कानाला आणि पायाला शिकवावं लागतं. दमून पाय टेकवला की जोर बरोबर पडतो, खरंच करून बघा.

रूपं बनवणं हा झाला सोपा भाग. वापरायचं कधी हे जास्त महत्त्वाचं आणि मला इथे सगळ्यांना एकच सांगायचंय, कळकळीने सांगायचंय, मधे इंग्रजी आणू नका. आपल्यापैकी बहुतेक जण स्पॅनिश इंग्रजीतल्या पुस्तकांतून किंवा ॲपवरून शिकतो आणि इंग्रजीत या रूपाची जागा जवळजवळ पुसली गेलीय, तिथे एखादा 'वेअर' उरलाय फक्त. म्हणून इंग्रजी पुस्तकं याला अवघड, गूढ, परकं असं काहीतरी म्हणतात आणि आपणही तसंच समजतो. मराठी माणसाला ते परकं नाहीच. आपल्याकडे एकाच्या जागी दोन आहेत, एक 'आवं' वालं आणि एक 'असतं तर' वालं, विध्यर्थ आणि संकेतार्थ. स्पॅनिशने दोघांचं काम एकाच रूपावर टाकलंय.

केरिया के बिन्येरास. तू यावंस असं मला वाटत होतं.
सी बिन्येरास. तू आली असतीस तर.

बघा, वर 'यावंस', खाली 'असतीस', आणि स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे बिन्येरास. आणि शेवटचा तो 'स' बघितलात का? तू साठी तिकडेही स, इकडेही स. मी पहिल्यांदा हे वहीत एकाखाली एक लिहिलं तेव्हा माझ्या अंगावर काटा आला होता. संस्कृतात गच्छसि, लॅटिनमध्ये अमास, एकाच फार जुन्या घरातल्या या भाषा, हजारो वर्षांपूर्वी वेगळ्या झालेल्या, आणि 'तू' म्हणताना शेवटी स येणं दोघींनीही जपून ठेवलंय. तेव्हापासून 'तू'चं रूप मी कधी चुकले नाही.

पण मराठी सगळीकडे बरोबर येत नाही, हेही सांगायला हवं, नाहीतर अर्धवट सांगितल्यासारखं होईल. आपलं 'यावं' मागचं क्रियापद बदललं तरी हलत नाही. त्याने यावं असं वाटतं, त्याने यावं असं वाटत होतं, दोन्हीकडे यावं. स्पॅनिशमध्ये वाटणं भूतकाळात गेलं की येणंही त्याच्यामागे जातं: क्येरो के बेंगा, पण केरिया के बिन्येरा. माझी काउंटरवरची चूक दुरुस्त करायला गेले तेव्हा मी पहिल्यांदा 'दिखेरोन के त्राइगा' केलं होतं, म्हणजे 'आणावं' बरोबर पकडलं पण सांगणं कालचं आहे हे विसरले. आता मी मागच्या क्रियापदाकडे आधी बघते, ते मागे गेलंय का, मग पुढचं ठरवते.

दुसरं म्हणजे आपलं 'असतं तर' आजच्यालाही चालतं आणि कालच्यालाही. "आत्ता गाडी असती तर आले असते" आणि "काल गाडी असती तर आले असते", रूप तेच, फरक फक्त आत्ता आणि काल या शब्दांनी कळतो. स्पॅनिश इथे काटेकोर आहे. आत्ताचं असेल तर सी तुब्येरा कोचे, कालचं असेल तर सी उब्येरा तेनिदो कोचे. आणि तिसरं, 'कोमो सी' म्हणजे 'जणू काही', याच्या मागे नेहमी हेच रूप: आब्ला कोमो सी लो सुप्येरा तोदो, सगळं माहीत असल्यासारखा बोलतो. आपण तिथे 'सारखं' लावून मोकळे होतो, क्रियापदाला काही करत नाही, म्हणून ते हमखास सुटतं. माझं अजूनही सुटतं.

आणि चौथं, 'लॉटरी लागली तर'. तिथेही मराठी फसवते, पण त्याच्यावर येते शेवटी.

क्लासमध्ये माझ्या शेजारी एक मोरोक्कोची बाई बसायची, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी, तीन मुलांची आई. ज्या दिवशी बाईंनी फळ्यावर 'ओखाला' लिहिलं त्या दिवशी ती खुदकन हसली आणि म्हणाली, हा तर आमचा शब्द. आणि खरंच तसंच आहे, स्पेनमध्ये शेकडो वर्षं जी अरबी बोलली गेली तिच्यातल्या 'लॉ शा अल्लाह' वरून ओखाला आलाय, देवाची इच्छा असेल तर. ओखाला नंतर क्रियापद दोन तऱ्हेनं येतं. ओखाला युएबा म्हणजे पाऊस पडो, पडेलही, आशा आहे. ओखाला योब्येरा म्हणजे पाऊस पडला असता तर किती बरं झालं असतं, आशा जवळजवळ सोडलेली. बाई हा फरक समजावून सांगत होत्या, कोणी म्हणत होतं फरक कळत नाही, आणि मला तो इतका कळत होता की डोळ्यांत पाणी आलं. कारण आदल्याच दिवशी बाबांचा फोन झाला होता. ऑगस्ट चालू होता. जूनमध्ये ते म्हणत होते पडो बाबा एकदाचा, जुलैत म्हणत होते पडायला पाहिजे, आणि आता म्हणाले, मृगात पडला असता तर बागेचं बघितलं असतं. आटपाडीकडची डाळिंबाची बाग, ज्यांना तो भाग माहितीये त्यांना जास्त सांगायला नको. पडो पासून पडला असता पर्यंत, अख्खा पावसाळा व्याकरणात.

आणि मी कुठे बसून हे ऐकत होते तर बिल्बाओत, जिथे सिरीमिरी नावाचा बारीक पाऊस दिवसचे दिवस थांबत नाही, छत्रीलाही दाद देत नाही. इथे सगळे उलटं म्हणतात, ओखाला पारारा दे योबेर, थांबला असता तर बरं. पारार म्हणजे थांबणं, पारारोन, पारारा. किती सुंदर शब्द आहे, पारारा, ढोलकीचा बोल असल्यासारखा.

अजून एक गोष्ट पुस्तकात अगदी पहिल्या धड्यात येते आणि कोणी सांगत नाही की ती हीच आहे. किस्येरा. 'मला हवंय' असं नम्रपणे म्हणायचं तर किस्येरा म्हणा असं शिकवतात. ते आहे केरेर या क्रियापदाचं इम्परफेक्ट सबजंक्टिव्ह, किस्येरोन वरून. पहिल्या दिवसापासून आपण ते बोलत असतो आणि बी-वनला त्याचं नाव ऐकून घाबरतो! आता प्रश्न असा की हवं आहे आत्ता, मग रूप मागच्या काळाचं का? मला याचं उत्तर शोधावं लागलंच नाही. आपण दुकानात जाऊन काय म्हणतो? "काका, जरा एक माहिती हवी होती." हवी होती! आत्ता हवीये, पण होती म्हणतो. "सर, दोन मिनिटं बोलायचं होतं." मागणी एक पाऊल मागे घेऊन ठेवायची, म्हणजे समोरच्याला नाही म्हणायला जागा राहते. अगदी तेच. फक्त एक सांगते, बारमध्ये जाऊन किस्येरा उन कोर्तादो, म्हणजे थोडं दूध घातलेली कॉफी, म्हटलं तर चालतं पण कोणी तसं म्हणत नाही, सगळे 'मे पोनेस उन कोर्तादो' म्हणतात, जसं आपण टपरीवर 'मला एक कटिंग हवा होता' म्हणत नाही. दवाखान्यात अपॉइंटमेंटसाठी फोन केला की मात्र किस्येरा शोभतं, तिथे मी ते नेहमी वापरते.

या रूपाला एक जुळा भाऊ आहे तोही सांगून टाकते. रा च्या जागी से: तुब्येसे, तुब्येसेस, तुब्येसे, तुब्येसेमोस, तुब्येसेइस, तुब्येसेन. अर्थ तोच. लॅटिन अमेरिकेत बोलताना से फारसा ऐकू येत नाही, स्पेनमध्ये येतो, लिहिणारे लोक एकाच वाक्यात दोनदा रा रा नको म्हणून एक रा एक से करतात. नम्रतेच्या किस्येराला मात्र से चालत नाही. बोलायला एक रा पुरेसा आहे, से नुसता ओळखता आला पाहिजे.

मला यातला इतिहास फार आवडतो म्हणून थोडं थांबते इथे. से आला लॅटिनमधल्या अमाविस्सेम वरून, ते आधीपासून सबजंक्टिव्हच होतं. पण रा आला अमावेराम वरून, आणि त्याचा लॅटिनमधला अर्थ सरळ 'प्रेम केलं होतं' असा होता. 'केलं होतं' चं हळूहळू 'केलं असतं' झालं. एका 'हो' चा 'अस' व्हायला शतकं लागली. तो जुना अर्थ पूर्ण मेला नाहीये, पेपरात अजून 'एल के फ्वेरा आल्काल्दे' असं लिहितात, म्हणजे 'जे महापौर होते ते'. आणि पोर्तुगीजमध्ये तर रा अजून जुन्याच अर्थाचा, फालारा म्हणजे 'बोलला होता', निदान पुस्तकांत तरी, आणि सबजंक्टिव्हसाठी ते से च्या भावाला घेतात. माझी मडगावची एक मैत्रीण आहे, तिच्या आजोबांची पोर्तुगीज पुस्तकं घरात आहेत, तिला मी तुब्येरा समजावत होते तर ती म्हणाली थांब, आजोबांच्या पुस्तकात याचा अर्थ वेगळाय. दोघींनी व्हिडिओ कॉलवर पानं उलटत एक तास घालवला. एक तिसरा भाऊही होता, रे वाला, तो आता फक्त कायद्यात आणि म्हणींत राहिलाय. इथल्या फौजदारी कायद्याचं 138 वं कलम 'एल के मातारे आ ओत्रो' असं सुरू होतं, 'जो कोणी दुसऱ्याला ठार मारील'. आणि म्हण आहे, आदोंदे फ्वेरेस, आस लो के ब्येरेस, जिथे जाशील तिथे जे बघशील ते कर. आपलं देश तसा वेश.

म्हणीवरून आठवलं, आत्याबाईला मिशा असत्या तर. मला वाटायचं ही फक्त आपलीच. इथे म्हणतात, सी मी आब्वेला तुब्येरा र्‍वेदास, सेरिया उना बिसिक्लेता. माझ्या आजीला चाकं असती तर ती सायकल झाली असती. तुब्येरा! ज्याला नियम लक्षात राहत नसेल त्याने हे एक वाक्य पाठ करावं, त्यात सगळं आहे, सी च्या मागे तुब्येरा आणि पुढच्या भागात 'रिया' वालं सेरिया. ही जोडी पक्की. अशा जर-तरच्या वाक्यात सी च्या लगेच मागे रिया कधी नाही.

असं मी शिकले, पायऱ्यांवर घोकलं, आणि आमच्या खालच्या मजल्यावरच्या आजींनी पहिल्याच आठवड्यात मला सगळं विसरायला लावलं. ऐंशी वर्षांच्या आहेत, एकट्या राहतात, मला ईखा म्हणतात, पोरी. एकदा भाजीच्या दुकानातून येताना त्यांची पिशवी मी घेतली तर म्हणाल्या, "सी तेंद्रिया बेइंते आन्योस मेनोस, मे इरिया कोन्तीगो आ ला इंदिया." वीस वर्षांनी लहान असते तर तुझ्याबरोबर भारतात आले असते. मी अर्थाने हसले पण मनात अडकले, सी तेंद्रिया? सी च्या मागे रिया? पुस्तकात तर हे चुकीचं म्हणून लाल रंगात छापलंय. मला वाटलं मी चुकीचं ऐकलं. पण मग ऐकत गेले तर जिन्यात, बसमध्ये, फळवाल्याकडे सगळीकडे तेच, सी तेंद्रिया, सी पोद्रिया. क्लासमध्ये विचारलं. बाई म्हणाल्या हो, हे इकडचं आहे, बास्क प्रदेश, नाबारा, ला रिओखा, बुर्गोस, कांताब्रिया, या उत्तरेच्या पट्ट्यात लोक असंच बोलतात, पिढ्यान्पिढ्या. परीक्षेत लिहू नका.

मी ते परीक्षेत लिहिलं नाही. पण आजींना चुकीचं म्हणायला माझी जीभ कधीच वळणार नाही. मी स्वतः पुण्याला शिकायला गेले तेव्हा 'मी गेल्ते', 'आल्ती' म्हणायचे आणि लोक थांबून माझ्याकडे बघायचे, एकीने तर वर्गात सगळ्यांसमोर दुरुस्त केलं होतं. मला ते अजून आठवतं. माझी आई आजही आल्ती म्हणते आणि तिच्या तोंडून 'आली होती' आलं तर मला ती परकी वाटेल. आजींच्या सी तेंद्रियात त्यांचं गाव आहे, त्यांची आई आहे. प्रमाण रूप शिकायचं, नीट शिकायचं, त्यात कसूर नाही करायची, आणि ज्यांच्या घरचं वेगळं आहे त्यांचं कान देऊन ऐकायचं. एकाने दुसऱ्याला खोटं ठरवायची गरज नाही.

आता लॉटरी. डिसेंबर लागला की अख्खा देश हे रूप वापरायला लागतो. 22 डिसेंबरला नाताळची सोडत असते, माद्रिदमधल्या सान इल्देफोन्सो शाळेची मुलं नंबर आणि बक्षिसं गाऊन सांगतात, सकाळभर टीव्हीवर तेच चालू असतं, बारमध्ये, दुकानात, सगळीकडे. सगळ्यात मोठ्या बक्षिसाला एल गोर्दो म्हणतात, जाड्या. 20 युरोचं एक देसिमो, म्हणजे तिकिटाचा दहावा हिस्सा, आणि गोर्दो लागला तर त्याला 4 लाख युरो. ऑफिसात, बिल्डिंगमध्ये, मित्रमैत्रिणींत एकाच नंबरची देसिमो घेतात, लागलं तर सगळ्यांना. आणि महिनाभर रांगेत, मेट्रोत, जिथे जाल तिथे एकच वाक्य, सी मे तोकारा एल गोर्दो. आपण इथे साधं 'लागली तर' म्हणतो, 'लागली असती तर' नाही, म्हणून मराठी डोक्याला सी मे तोका म्हणावंसं वाटतं. पण ते लागण्याची शक्यता किती कमी आहे हे स्पॅनिश माणसाच्या क्रियापदालाच माहीत असतं, म्हणून तोकारा.

गेल्या वर्षी आजींनी एका देसिमोत मला अर्धा वाटा दिला, दहा युरो माझे दहा त्यांचे, तिकिटाची झेरॉक्स काढून तिच्यावर दोघींच्या सह्या. सोडतीच्या सकाळी त्यांच्या स्वयंपाकघरात बसलो होतो, टीव्हीवर मुलांचा तो लांबलचक सूर चालू, बाहेर सिरीमिरी, टेबलावर दूध घातलेली कॉफी आणि शेजारी ठेवलेलं तिकीट. आजी म्हणाल्या, सी मे तोकारिया, बाथरूम नवीन करीन, टब काढून टाकीन, चढता येत नाही आता. आणि तू?

मी विचार केला नाही, पायऱ्याही आठवल्या नाहीत, आपोआप आलं. "सी मे तोकारा, मे गुस्तारिया के मिस पाद्रेस बिन्येरान." लागली तर आई-बाबांनी इथे यावं असं वाटतं. तोकारा आणि बिन्येरान, एका वाक्यात दोन, दोन्ही बरोबर. बाबा कधी विमानात बसलेले नाहीत, बाग सोडून आठ दिवस कुठे राहिलेले नाहीत, ते येतील असं मला वाटत नव्हतंच, म्हणून मे गुस्तारिया आणि त्याच्यामागोमाग बिन्येरान.

आजींनी कॉफी ढवळली, टीव्हीचा आवाज जरा कमी केला आणि म्हणाल्या,

"प्वेस के बेंगान, ईखा."

मग येऊ देत की, पोरी. बिन्येरान नाही म्हणाल्या त्या, बेंगान म्हणाल्या.